गेमिंग पीसीसाठी एसएमपीएस कोणता घ्यावा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मित्रांचे, नातेवाइकांचे, सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांचे पीसी जोडून देतो. दुकान नाही, आवड म्हणून करतो. जवळजवळ प्रत्येक जण यादी घेऊन येतो तेव्हा ग्राफिक कार्डाचा दोन महिने अभ्यास झालेला असतो, रॅमचा स्पीड पाठ असतो आणि शेवटच्या ओळीत, पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यासमोर, लिहिलेलं असतं, "एसएमपीएस – कुठलाही चालेल." मग जे प्रश्न येतात ते साधारण हेच.

एसएमपीएसचा एवढा विचार कशाला करायचा? त्याने गेमचे एफपीएस तर वाढत नाहीत.

एफपीएस, म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढत नाहीत, खरं आहे. पण भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज तुमच्या मदरबोर्डाला, प्रोसेसरला, ग्राफिक कार्डाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून देणारा हा एकच भाग आहे. ग्राफिक कार्ड बिघडलं तर ग्राफिक कार्ड जातं. एसएमपीएस वाईट तऱ्हेने गेला तर जाताना सोबत काय काय नेईल ते सांगता येत नाही, कारण सगळ्या तारा त्याच्यापासूनच निघतात.

माझा पहिला पीसी असाच गेला. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, लाइट दोन-तीनदा ये-जा करून गेली आणि परत आली तेव्हा कॅबिनेटमधून "फट्" असा आवाज आला. पाठोपाठ जळलेल्या बेकलाइटचा तो वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क काढून बघितली तर तिच्या खालच्या हिरव्या पट्टीवरच्या एका चिपला मोहरीएवढं काळं भोक पडलं होतं. ताईच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते आणि दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून यादीत पैसे कमी पडले की मी ग्राफिक कार्ड एक पायरी खाली आणतो, कॅबिनेट साधं घेतो, लाइटवाले पंखे काढून टाकतो. एसएमपीएसला हात लावत नाही.

मग किती वॅटचा घेऊ?

बेरीज स्वतः करा, पाच मिनिटांचं काम आहे. बेरीज करायची तीन गोष्टींची: प्रोसेसर जास्तीत जास्त किती ओढतो, ग्राफिक कार्ड किती ओढतं, आणि बाकी सगळ्यांचे मिळून ६० ते ८० वॅट. या बाकीत मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, कीबोर्ड-माउस सगळं आलं.

प्रोसेसरच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा फसवतो. रायझन ५ ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण तो ८८ वॅटपर्यंत जातो. रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी १२० वॅटचा म्हणतात, त्याची मर्यादा १६२ वॅट आहे. इंटेलचा आय५-१२४००एफ ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगाने पळताना, ११७ वॅट घेतो. आय९-१४९००के तर २५३ वॅट. म्हणून खोक्यावरचा नव्हे, कमाल आकडा धरा.

आता एक नेहमीची जोडी घेऊ. रायझन ५ ७६०० चे ८८, आरटीएक्स ५०६० टीआयचे १८०, बाकीचे ७०. झाले ३३८. याला ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आरामात पुरतो. पुढे कार्ड बदलायचं मनात असेल तर ६५०. दुसरी जोडी: ७८००एक्सथ्रीडीचे १६२, आरएक्स ९०७० एक्सटीचे ३०४, बाकीचे ७५. झाले ५४१. इथे ७५० घ्या, फॅक्टरी ओव्हरक्लॉक केलेलं (कंपनीनेच जास्त वेगाला लावलेलं) कार्ड असेल तर ८५०.

बेरजेच्या वर एवढी जागा कशाला सोडायची? आजची ग्राफिक कार्डं विजेचे झटके घेतात. सरासरी ३०० वॅट ओढणारं कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी त्याच्या दुपटीवरही उडी मारतं. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ते दिसत नाही, कारण सॉफ्टवेअर तेवढ्या वेगाने मोजतच नाही. एसएमपीएसला मात्र ते जाणवतं आणि कमकुवत असेल तर तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आल्यावर हा प्रकार घरोघर दिसायला लागला. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात अट आली की एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद तरी झेलला पाहिजे.

कार्ड बनवणारी कंपनीसुद्धा किमान वॅट सांगते. आरटीएक्स ५०७० हे २५० वॅटचं कार्ड, त्याला एनव्हिडिया ६५० वॅट सांगते. तुमची बेरीज आणि कंपनीचा आकडा यात जो मोठा, तो धरा.

८५० वॅटचा घेतला तर वीजबिल जास्त येईल ना? आई विचारतेय.

नाही. ८५० ही क्षमता आहे. पीसीला ३०० वॅट लागले तर तो ३०० च देतो, आणि भिंतीतून थोडे जास्त घेतो. मोठी टाकी बसवली म्हणून पाणी जास्त वापरलं जात नाही, तसंच.

दुकानात हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं?

बाजूचा स्टिकर. त्यावर एक तक्ता असतो: वर व्होल्ट, खाली अँपिअर. बाकी सगळं सोडा आणि १२ व्होल्टच्या खालचा अँपिअरचा आकडा शोधा. त्याला १२ ने गुणा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून हा गुणाकार म्हणजे एसएमपीएसची खरी ताकद.

मागच्या दिवाळीत माझ्या ऐरोलीच्या मावसभावाने नवा पीसी दाखवायला बोलावलं. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ५००. मी मोबाइलचा टॉर्च मारून तक्ता वाचला. १२ व्होल्टखाली १८ अँपिअर. बारा अठरे दोनशे सोळा. म्हणजे गेमिंगच्या कामाचे २१६ वॅट, आणि उरलेले ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले, जिथे आज फारसं कुणी काही ओढत नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० ते ५५० वॅट. दोन-तीन १२ व्होल्टच्या रांगा वेगवेगळ्या दिल्या असतील तर त्यांची बेरीज करू नका, एकत्रित मर्यादा वेगळी लिहिलेली असते ती वाचा.

मागच्या बाजूला ११५/२३० असं लिहिलेलं छोटं लाल बटण दिसलं तर तो एसएमपीएस परत ठेवा. ते जुन्या पद्धतीच्या डिझाइनचं लक्षण आहे, त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट, सुरळीत ओढणारं सर्किट) नसतं. शिवाय ते बटण चुकून ११५ वर राहिलं आणि आपल्या २३० व्होल्टला जोडलं तर पहिल्याच क्षणी धडाम होतं. चांगल्या एसएमपीएसवर इनपुटला १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं आणि बटण नसतं.

वजनही बघा. हा काही नियम नाही, पण त्याच वॅटचे दोन एसएमपीएस दोन हातांत घेतले आणि एक अगदी पोकळ लागला, तर आत हीटसिंक आणि फिल्टरच्या कॉइल्स वाचवलेल्या असण्याची शक्यता मोठी.

८० प्लस ब्रॉन्झ घेऊ की गोल्ड?

८० प्लस हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. भिंतीतून घेतलेल्या १०० वॅटपैकी किती पीसीपर्यंत पोचतात आणि किती उष्णता होऊन वाया जातात, एवढंच तो सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्रॉन्झला किमान ८५ टक्के लागतात, गोल्डला ९० टक्के. आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही थोडे जास्त कार्यक्षम चालतात.

पैशांत हिशोब करू. पीसी ३५० वॅट घेतोय, रोज ४ तास गेमिंग. ८५ टक्क्यांनी भिंतीतून ४१२ वॅट जातात, ९० टक्क्यांनी ३८९. फरक २३ वॅटचा. वर्षाचे होतात ३३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला साडेतीनशेच्या आत. म्हणजे नुसत्या बिलासाठी गोल्डमागे धावायचं कारण नाही.

तरीही जमत असेल तर मी गोल्ड सुचवतो, आणि ते वेगळ्या कारणासाठी. कमी वाया म्हणजे आत कमी उष्णता. घोडबंदर रोडच्या एखाद्या पश्चिमेकडच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३ वाजता बसून बघा. खोलीच ३५-३६ अंशांवर असते. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वाळतात. ढोबळ नियम असा आहे की १० अंश तापमान कमी झालं की त्यांचं आयुष्य दुप्पट होतं. त्यामुळे १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला, कमी तापणारा एसएमपीएस आपल्या हवेत जास्त वर्षं टिकतो. पंखाही हळू फिरतो, आवाज कमी.

गोल्ड आहे म्हणजे सुरक्षित आहे असं समजायचं का?

नाही, आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त सलतो. कार्यक्षमतेची चाचणी सुरक्षेची चाचणी नाही. २०२१ चं उदाहरण जगजाहीर आहे. गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे दोन्ही गोल्ड होते. चाचणी घेणाऱ्यांकडे जास्त भारावर ते फुटले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने निवेदन काढून ठरावीक सीरियल नंबरचे एसएमपीएस बदलून द्यायची तयारी दाखवली. मुद्दा होता जादा भार आला की बंद पडण्याच्या मर्यादेचा. ती आधी १२० ते १५० टक्क्यांवर होती, कंपनीने ती ११० ते १२० टक्क्यांवर आणली.

म्हणून संरक्षणं कुठली आहेत ते वाचा: जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जादा करंट, जादा भार, शॉर्टसर्किट आणि जादा तापमान. स्वस्त मालात तापमानाचं संरक्षण बहुतेक वेळा गायब असतं. आणि त्या नेमक्या मॉडेलची, नेमक्या वॅटची चाचणी केलेला रिव्ह्यू शोधा, जिथे उपकरणं लावून रिपल, म्हणजे डीसी विजेतला बारीक चढउतार, मोजलंय. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत रिपल मानकात चालतं. चांगले एसएमपीएस ते ४०-५० च्या आत ठेवतात. खोकं उघडून रंग दाखवणारा व्हिडिओ म्हणजे रिव्ह्यू नाही. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असू शकते, त्यामुळे "ही कंपनी चांगली आहे का" याला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नसतं. कोर्सेअर, सीसॉनिक, कूलर मास्टर, एमएसआय, डीपकूल, सगळ्यांबद्दल मी हेच म्हणेन: मॉडेल सांगा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुतेक वेळा एसएमपीएस ठणठणीत असतो आणि घराचं अर्थिंग गेलेलं असतं. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून अगदी किंचित करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना आहे. तीन पिनांपैकी वरची जाडी पिन त्यासाठीच. अर्थिंग नसेल तर त्या करंटला वाट राहत नाही आणि अख्खं कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. टेस्टर लावला तर मंद पेटतो. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या कडेला बोट घासलं की बारीक कंप लागतो. करंट थोडा असतो, पण एचडीएमआयची केबल टीव्हीला लावताना तोच करंट पोर्टमधून उडी मारतो आणि पोर्ट जाळतो. आणि कधी एसएमपीएसमध्ये खरंच फेज बॉडीला लागली, तर तुम्हाला वाचवणारी तार भिंतीत नसते.

वाशी, नेरूळ, कोपरखैरणेच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि नौपाड्यातल्या जुन्या घरांत मी हे अनेकदा बघितलंय. सॉकेट तीन पिनांचा असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, किंवा खाली मीटरच्या खोलीत अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली असते. परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याच्या मल्टिमीटरवर तीन आकडे बघा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत. फेज-अर्थ ला ६०-७० किंवा हलता आकडा आला तर अर्थिंग नाही असं समजा.

काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ पिन एका तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, मल्टिमीटरही छान आकडे दाखवतो. पण न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर थेट फेज येते. हे कुणालाही करू देऊ नका. सोसायटीच्या सभेत अर्थिंगचा विषय काढा, लागलं तर सगळ्या मजल्यांसाठी नवा खड्डा घ्या. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन सगळ्यांचा त्यात फायदा आहे. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या.

१६ अँपिअरचा एसीवाला पॉइंट लागेल का?

साधारणपणे नाही. ८५० वॅट पूर्ण ओढले तरी भिंतीतून सव्वाचार अँपिअरच्या आत जातात. ६ अँपिअरचा पॉइंट चालतो, पण त्याच एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री नको. काही फार मोठ्या एसएमपीएसना जाड वायर आणि मोठी पिन येते, त्यांना १६ चा पॉइंट द्या.

यूपीएस हवा का? घरात इन्व्हर्टर आहे, तो चालेल?

आपल्याकडे लाइट तासन्‌तास जाते असं नाही. महावितरणचा देखभालीचा बंद आधी कळतो. त्रास होतो तो पावसाळ्यातल्या क्षणभराच्या झपक्यांचा. ट्यूब लुकलुकते आणि पीसी रीस्टार्ट होतो.

एसएमपीएसच्या आत मोठा कपॅसिटर असतो, तो वीज गेल्यावर काही मिलिसेकंद पीसी चालू ठेवतो. एटीएक्स ३.१ नुसार ८० टक्के भारावर १७ मिलिसेकंद आणि पूर्ण भारावर १२. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे अख्खी लाट गेली तर भारावरचा पीसी तग धरेलच असं नाही. यूपीएस बॅटरीवर यायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो, ते या खिडकीत बसतं. इन्व्हर्टर वापरायचा असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये तो जास्त वेळ घेतो, पंखे-दिव्यांना ते चालतं, पीसीला नाही. जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर पीसी त्यावर लावूच नका.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यात गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो, ११०० व्हीएचा ६६० च्या आसपास. गेम चालू असताना लाइट गेली तेव्हा भार ४५० वॅट असेल तर ६०० व्हीएवाला त्याच क्षणी कुं कुं करत पीसीसकट बंद होईल. मॉनिटर त्यावरच असेल तर त्याचेही ३०-४० वॅट धरा.

ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसला स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लाट कधी पचते, कधी पचत नाही. प्युअर साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) यूपीएस घेतला तर हा प्रश्नच उरत नाही. महाग पडतो, हे कबूल. तो परवडत नसेल तर घेतल्या दिवशीच गेम लावून, मेन स्विच बंद करून बघा. पीसी टिकला तर ठीक, नाहीतर बदलून घ्यायची मुदत असतानाच कळलेलं बरं.

स्टॅबिलायझर लागत नाही. १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस कमी व्होल्टेज स्वतः सांभाळतो. भीती असते न्यूट्रल तुटण्याची. इमारतीच्या मीटर रूममध्ये सामाईक न्यूट्रल सुटला तर एका फ्लॅटला दीडशे आणि शेजाऱ्याला साडेतीनशे व्होल्ट जाऊ शकतात, आणि तेवढे कुठलाच एसएमपीएस झेलत नाही. त्यासाठी डीबीमध्ये (घरातल्या एमसीबीच्या बोर्डात) जादा व्होल्टेजला तोडणारं उपकरण मिळतं. दिवे एकदम भगभगीत झाले तर मेन पाडा आणि मगच बाकी चौकशी.

नवीन कार्डाचं ते १६ पिनांचं कनेक्टर जळतं म्हणतात, खरंय का?

आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि महिन्याभरात वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरायला लागले. ६०० वॅटपर्यंत वीज एका छोट्याशा कनेक्टरमधून जाते. तो पूर्ण आत बसला नाही तर टोकाशी तापतो. पुढे २०२३ मध्ये १२व्ही-२x६ नावाचं सुधारित रूप आलं. त्यात वीज वाहणाऱ्या पिना थोड्या लांब आणि संवेदक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे अर्धवट लावलं तर कार्ड वीज मागतच नाही.

करायचं काय? मोठं कार्ड घेत असाल तर एटीएक्स ३.१ आणि मूळ १२व्ही-२x६ केबल असलेला एसएमपीएस घ्या. केबल "टक्" होईपर्यंत दाबा, मग टॉर्च मारून फट राहिली नाही ना ते बघा. कनेक्टरपासून तीन-साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ राहू द्या, काचेला टेकून वाकवू नका. ५०६० किंवा आरएक्स ७६०० अशा कार्डांना बहुतेक वेळा जुनं ८ पिनांचं कनेक्टरच असतं. ते १५० वॅटचं, ६ पिनांचं ७५, आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ मिळतात. दोन ८ पिना लागणार असतील तर दोन वेगळ्या केबल लावा.

मॉड्युलर घेऊ का?

मॉड्युलर म्हणजे केबल सुट्या काढता येतात असा. छोट्या कॅबिनेटमध्ये सोय होते, एवढंच. पण एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: मॉड्युलर एसएमपीएस बदलला तर केबलही सगळ्या बदलायच्या. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीत मालिकेगणिक वेगळी असते. केबल बसते व्यवस्थित, आणि हार्ड डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात. घणसोलीच्या एका मुलाच्या दोन डिस्क अशा एका मिनिटात गेल्या. जुन्या केबल वाचवल्याचा आनंद होता त्याला.

दमट हवा, खाडी, धूळ... काही वेगळी काळजी?

हो. खाडीकडच्या इमारतींत खारा वारा येतो, तर घोडबंदरला बांधकामाची बारीक पांढरी धूळ. दोन्ही एसएमपीएसच्या पंख्यातून आत जातात, आणि पावसाळ्यात ती धूळ ओल धरते. कॅबिनेटच्या तळाशी जाळी असेल तर पंखा खाली करून बसवा आणि जाळी महिन्यातून एकदा धुवा, पूर्ण वाळवून मगच लावा. तळाला जाळी नसेल तर पंखा वर करा.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना ओलं फडकं किंवा बादलीतलं पाणी नेमकं त्या खालच्या पंख्यापर्यंत जातं. चार इंच उंच लाकडी पाट पुरतो. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावून ठेवा. उबेला झुरळं येतात आणि पाली त्यांच्या मागे. पावसाळ्यात आठ-दहा दिवस गावी जाऊन आलात तर लगेच गेम लावू नका, पंख्याखाली खोली थोडी सुकू द्या. जाताना प्लग काढून जा, नुसतं बटण बंद करून नाही.

लॅमिंग्टन रोडला जाऊ की ऑनलाइन मागवू?

ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोडला उतरलं की चालत पोचता. गेलात तर दोन-चार दुकानांत भाव विचारता येतो, माल हातात घेऊन स्टिकर वाचता येतो. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिल नको तर एवढे कमी करतो" याला हो म्हणू नका. चांगल्या एसएमपीएसवर ५, ७, कधी १० वर्षांची वॉरंटी असते, आणि इतक्या वर्षांनी तुमच्या हातात त्या कागदाशिवाय काही नसतं. बिलाची छपाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. ऑनलाइन घेतलात तर विक्रेता अधिकृत आहे का ते बघा, आणि खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. घ्यायच्या आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते शोधा.

सेकंडहँड?

ग्राफिक कार्ड, प्रोसेसर, रॅम मी सेकंडहँड घेतो. एसएमपीएस घेत नाही. आतले कपॅसिटर किती वाळलेत ते बाहेरून दिसत नाही. बिलासकट वॉरंटी शिल्लक असलेला, आणि ओळखीतला असेल तरच.

गेम खेळताना पीसी एकदम बंद होतो. एसएमपीएसच का?

निळा स्क्रीन न येता, लाइट गेल्यासारखा झटकन बंद झाला, आणि तेही भारी गेममध्येच, तर संशय एसएमपीएसवर घ्या. आधी प्रोसेसरचं तापमान बघा, मग ग्राफिक कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरने ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. आता बंद होत नसेल तर एसएमपीएस झटके झेलत नाहीये. मित्राचा चांगला एसएमपीएस त्याच्याच केबलसकट लावून बघणं हीच पक्की परीक्षा. मदरबोर्डाच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं धरू नका. भार नसताना खराब एसएमपीएससुद्धा पंखा फिरवतो.

जुना एसएमपीएस उघडून पंखा साफ करू का? नाहीतर त्याचं काय करू?

उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी काही काळ राहू शकतात. धूळ बाहेरूनच ब्लोअरने उडवा, पंख्याचं पातं काडीने धरून, म्हणजे तो गरगर फिरून बेअरिंग खराब होणार नाही.

मेलेला एसएमपीएस भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी फोडतो आणि उरलेलं जाळतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार तो अधिकृत रिसायकलरकडे जायला हवा. बऱ्याच सोसायट्यांत वर्षातून एकदा ई-कचरा गोळा करणारी गाडी येते, तोवर तो खोक्यात घालून माळ्यावर ठेवा आणि खोक्यावर मार्करने "बिघडलेला" असं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे घरातलं कुणी तो चांगला समजून परत लावणार नाही.